निसटबिंदू

प्रकाशकानं चारुलता मिरीकरची नवी कादंबरी परत पाठवली आणि वर ब्लॉग सुरू करायचा सल्ला दिला.

"ताई, पुस्तक आता शेवटी येतं," तो फोनवर म्हणाला. "आधी वाचक जमवायचे. त्यांनी एकेक प्रकरण वाचायचं, तुमच्याशी बोलायचं. मग त्यातल्या काहींना वाटतं, हे पुस्तक घरात असावं. तुमचा पूर्वी ब्लॉग होता ना?"

होता. 'मागच्या दारी' हे त्याचं नाव. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी, मराठी टंकायला फार खटपट करावी लागत असे त्या काळात, नाशिकच्या दोन खोल्यांच्या घरात बसून ती तो लिहायची. नगरला, अकोल्याला, बडोद्याला तिच्यासारखेच आणखी काहीजण लिहायचे. एकमेकांचं वाचायचे, ऱ्हस्व-दीर्घावरून भांडायचे, रुसायचे आणि चार दिवसांनी परत यायचे.

त्यातच एक सुहास तेंडोलकर होता. वेंगुर्ल्याचा, बंदर खात्यातला कारकून, कथा लिहिणारा. त्याची प्रतिक्रिया दोन ओळींची असे. "दुसरा परिच्छेद काढ. तो तू स्वतःवर खूश होऊन लिहिलायस." चारुलता संतापायची, त्याला मनातल्या मनात नाही नाही ते बोलायची, आणि मग तो परिच्छेद काढून टाकायची. तिच्या चारही कादंबऱ्या छापायला जाण्याआधी सुहासच्या हाताखालून गेल्या आणि त्याच्या दोन तिच्या. प्रत्यक्ष भेटी मोजक्याच झाल्या असतील, पण आपलं लिहिणं नक्की कुठे खोटं पडतं हे जगात एका माणसाला कळतं, याचा तिला मोठा आधार वाटायचा.

मग तिच्या एका लेखावरून अनोळखी माणसांची झुंड ब्लॉगवर आली. तिच्या नुकत्याच वारलेल्या नवऱ्याबद्दलही लोक वाट्टेल ते लिहू लागले. चारुलताचं जेवण सुटलं, झोप गेली. कॉलेजात शिकणाऱ्या पूर्वानं आईला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ब्लॉग बंद झाला. सुहासशी दिवाळीचे फोन काही वर्षं चालले, मग तेही थांबले.

आता पूर्वा बंगळुरूला होती. आई पुन्हा ब्लॉग सुरू करणार हे ऐकून ती सुट्टी काढून आली, येताना नवा फोन आणि मनगटावरचं घड्याळ घेऊन आली. 'उंबरा' नावाच्या साइटवर तिनं 'मागच्या दारी' याच जुन्या नावानं आईचं खातं उघडलं, एक तासभर काय काय जोडत बसली.

"आई, आता पूर्वीसारखं नाही राहिलं," ती म्हणाली. "आता तुला त्रास नाही होणार."

त्रास का होणार नाही, हे चारुलतानं विचारलं नाही.

तिनं परत आलेली कादंबरी ब्लॉगवर घालायला सुरुवात केली. कुसुम नावाच्या बाईची ती गोष्ट. कुसुम एका सकाळी चार वर्षांच्या मुलाला झोपलेला सोडून घरातून निघून जाते. तिला कुणी मारत नाही, तिचं कुणावर प्रेम बसलेलं नाही. तिला फक्त तिथे राहायचं नाही. ती हुबळीला एका इस्पितळाच्या धोबीखान्यात काम धरते आणि तिला कधीही पश्चात्ताप होत नाही. अठरा वर्षांचा झालेला मुलगा तिला शोधत येतो, तेव्हा ती त्याला चहा देते आणि परत पाठवते. "इतकी कोरडी बाई कुणी सहन करणार नाही," असं प्रकाशकानं लिहून कळवलं होतं.

पण लोकांनी सहन केलं. नुसतं सहन नाही, लोक त्या गोष्टीवर जीव टाकू लागले. दर प्रकरणाखाली शेकडो प्रतिक्रिया येऊ लागल्या. "ताई, कुसुम माझ्या घरातली वाटते." "तुमच्या लेखणीत किती समजूत आहे." जुन्या ब्लॉगवाल्यांपैकी काहीजण उगवले. कुणी बडोद्याहून, कुणी थेट न्यूझीलंडहून. चारुलता सकाळी उठल्यावर चष्मा शोधायच्या आधी फोन शोधू लागली. शेजारच्या अहिरेबाई म्हणाल्या, "चारूताई, तब्येत सुधारली हो तुमची."

आणि एक दिवस सुहासचं नाव दिसलं.

"चारू, कुसुमची वाट अवघड आहे, पण तू ती हळुवारपणे उलगडते आहेस. पुढच्या प्रकरणाची वाट पाहतोय."

नाव वाचून ती हरखली, मजकूर वाचून खट्टू झाली. हळुवारपणे? सुहासनं हा शब्द आयुष्यात कधी वापरला नव्हता. म्हातारा झाला बिचारा, तिच्या मनात आलं. सत्तरी आली. तिनं आभार मानले. पुढच्या प्रकरणांवरही त्याचं तसंच गोडगोड काहीतरी येत राहिलं. एकदा त्यानं लिहिलं, "कधी वेंगुर्ल्याला ये. निवांत गप्पा मारू. माझंही थोडं लेखन दाखवीन." तिनं उत्तर दिलं, "नक्की रे! जमवू कधीतरी. रंजनावहिनींना नमस्कार." त्यावर त्याचं आलं, "तुझ्या शुभेच्छांबद्दल मनापासून आभार!"

यानंतर त्याचं काही आलं नाही, आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही.

कादंबरी संपली तेव्हा वाचकांनी नाशिकमध्येच मेळावा ठरवला. गंगापूर रोडवरच्या एका वाचनालयाचा हॉल भरला. हारतुरे झाले, चहा झाला, आणि मग माईक वाचकांकडे गेला. अलका पिंगळे नावाच्या निवृत्त शिक्षिका उभ्या राहिल्या.

"शेवटी कुसुम परत येते ना, मुलाच्या लग्नात, मागच्या रांगेत उभी राहते, आणि तो तिला हात धरून पुढे आणतो... मी दोन दिवस रडत होते, ताई."

चारुलताला वाटलं, बाईंचा दुसऱ्याच कुठल्या गोष्टीशी घोटाळा होतोय. तेवढ्यात मागून एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, लग्नात नाही. नवरा तिला न्यायला हुबळीला जातो आणि तिथेच राहतो. तिच्याबरोबर कपडे वाळत घालतो. तो प्रसंग तर कळस आहे!"

"काहीतरीच काय?" एक तरुण मुलगी हसली. "धोबीखाना ती स्वतः चालवायला घेते. चाळीस बायकांना काम देते. मुलगा तिच्याकडे नोकरी मागायला येतो."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. लोक फोन काढून एकमेकांना दाखवू लागले. चारुलता मंचावरून खाली उतरली आणि अलकाबाईंचा फोन हातात घेऊन वाचू लागली. वाक्यरचना तिची होती. स्वल्पविराम ती देते तिथेच होते. फक्त ते लग्न तिनं लिहिलेलं नव्हतं.

"पण मूळ काय आहे?" कुणीतरी विचारलं.

"कुसुम परत येत नाही," चारुलता म्हणाली. "मुलगा येतो. ती त्याला चहा देते आणि परत पाठवते. बस."

लोक जरासे हिरमुसले. अलकाबाईंनी आपला फोन तिच्या हातातून हलकेच काढून घेतला. "आमचंच बरं आहे मग," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात कुठेही कुचकेपणा नव्हता.

'उंबरा'च्या कचेरीतून तन्मय पोतनीस नावाचा माणूस व्हिडिओवर बोलला. लेखकांच्या तक्रारी ऐकणं हे त्याचं काम होतं आणि ते तो अतिशय अदबीनं करायचा.

"ताई, याला आम्ही सहवाचक म्हणतो," त्यानं सांगितलं. "तुम्हाला वाटेल, तो तुमचा मजकूर वाचतो. तसं नाही, तो वाचकाला वाचतो. फोनचा कॅमेरा बुबुळं बघतो, ती कुठे रेंगाळतात, कुठे ओळ सोडतात. घड्याळ नाडी मोजतं. प्रत्येक माणूस वाचता वाचता कुठेतरी निसटतो, फोन खाली ठेवतो. कुणी कंटाळून, कुणी दुखावून, कुणी घाबरून. त्या जागेला आमच्याकडे निसटबिंदू म्हणतात. सहवाचकाला तो चार-पाच वाक्यं आधी कळतो, आणि तेवढ्या अवधीत तो पुढची वाक्यं त्या माणसासाठी नव्यानं घडवतो. माणूस निसटत नाही, वाचत राहतो."

"आणि ते माझ्या नावावर?"

"शैली तुमचीच असते ना. तुमची सगळी पुस्तकं त्याला पाठ आहेत. शिवाय आशयाची टक्केवारी आम्ही तपासतो. ऐंशी टक्के आशय शिल्लक असेल तर कायद्यानं ती तुमचीच कलाकृती ठरते. कुसुमची तर ब्याण्णव टक्के शिल्लक आहे."

"अहो, ती परत येत नाही, एवढीच तर गोष्ट आहे!"

"ते शेवटचं एक प्रकरण आहे, ताई," तन्मय समजुतीच्या सुरात म्हणाला. "आठ टक्के."

तिनं सहवाचक काढून टाकायला सांगितलं. तो म्हणाला, ते लेखकाच्या हातात नाही. सहवाचक वाचकाच्या फोनवर असतो आणि काय वाचायचं हा वाचकाचा हक्क आहे. तुमच्या वाचकांपैकी शंभरात चौऱ्याण्णव लोक त्यातून वाचतात. त्यातल्या बहुतेकांनी तो मुद्दाम सुरू केलेला नाही, फोनबरोबर आला आणि राहिला. ज्याला नको त्यानं बंद करावा, सोपं आहे.

मग चारुलतानं ब्लॉगवर लेख लिहिला, 'हे जसंच्या तसं वाचा'. तुम्ही माझी गोष्ट वाचलेलीच नाही, असं त्यात साफ सांगितलं. सहवाचक कसा बंद करायचा तेही लिहिलं, आणि थोडी रागावलीसुद्धा. संध्याकाळपर्यंत प्रतिक्रिया आल्या. "ताई, माणसांना जसं आहे तसं स्वीकारायचं, किती सुंदर विचार!" "तुमचं मनोगत काळजाला भिडलं."

ती हट्टाला पेटली. वहीच्या कागदावर हातानं चार ओळी लिहिल्या आणि त्याचा फोटो चढवला. अहिरेबाईंना हाक मारून त्यांच्या फोनवर तो बघितला. फोटोत तिचंच अक्षर होतं, 'ळ'ला ती देते तो झोकही होता. लिहिलं होतं, 'वाचकहो, तुमच्या प्रेमाची मी ऋणी आहे.'

तेव्हा कुठे तिला आपल्या स्वतःच्या फोनचा विचार सुचला.

सहवाचकाचं बटण सापडायला वेळ लागला. ते बंद करताना फोननं दोनदा विचारलं, नक्की का? मग तिनं 'मागच्या दारी' उघडला आणि प्रतिक्रिया पहिल्यापासून वाचायला घेतल्या.

शेकड्यांच्या पन्नासेक राहिल्या होत्या. बाकीच्या जागी नुसते अंगठे आणि फुलं होती. त्यांचीच सहवाचकानं तिच्यासाठी वाक्यं केली होती. उरलेल्यांत काहींनी कुसुमच्या आडून तिलाच घाणेरडं बोलून घेतलं होतं. ते तिनं वाचलं आणि तिला आश्चर्य वाटलं, कारण पूर्वीइतकं काही झालं नाही. ती पुढे सरकली आणि सुहासपाशी थांबली.

"चारू, हे तूच लिहितेस का? कुसुमला पश्चात्ताप करायला लावून तू तिला मारून टाकलंस. हळवी झालीस की भ्यालीस?"

त्याखाली तिचंच उत्तर होतं, मनःपूर्वक आभार.

"आभार कसले मानतेस? भांड माझ्याशी."

मग बऱ्याच दिवसांनंतरचं एक.

"डोळे गेले. उजवा पूर्ण, डाव्याला नुसता उजेड कळतो. कादंबरीची शेवटची प्रकरणं राहिली आहेत. मी सांगतो, रंजना टाइप करते, पण ती मला अडवत नाही. सांगेन ते लिहून घेते. मला अडवणारं माणूस हवंय. चारू, ये. महिनाभर राहा. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?"

खाली तिनं लिहिलं होतं, "नक्की रे! जमवू कधीतरी. रंजनावहिनींना नमस्कार."

आणि त्याखाली सुहासचं शेवटचं. "कळलं."

ती प्रतिक्रिया आठ महिन्यांपूर्वीची होती.

तिनं पूर्वाला फोन लावला. "माझ्या फोनवर ते तू बसवलंस?"

पूर्वाला ते म्हणजे काय, हे विचारावं लागलं नाही. "हो. मी बसवलं."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. आई, मी वीस वर्षांची होते. तू भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचीस, माझ्याशीसुद्धा बोलायची नाहीस. परत एकदा ते बघायची माझी ताकद नाही. आणि या वर्षी तू हसत होतीस गं. स्वतःहून फोन करायचीस मला."

"सुहास मला बोलवत होता, पूर्वा. त्याचे डोळे गेले. मी त्याला लिहिलं, जमवू कधीतरी."

पूर्वा म्हणाली, "हे मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं."

"तू कशी वाचलीस कुसुम? तुझ्या फोनवर ती परत आली?"

"आई, जाऊ दे ना."

"आली का?"

"आली," पूर्वा म्हणाली. "आणि मुलीला जवळ घेतलं. माझ्या फोनवर मुलगी आहे. मला वाटलं, ते तू माझ्यासाठी लिहिलंयस."

चारुलतानं फोन ठेवला आणि सावंतवाडीचं तिकीट काढलं.

वेंगुर्ल्याच्या घरी पोचली तेव्हा दुपार होत आली होती. रंजनावहिनी दारात आल्या. त्यांनी तिला ओळखलं. मग "येवा," एवढंच म्हणून बाजूला झाल्या.

सुहास पडवीत आरामखुर्चीत बसला होता. अंगानं अर्धा झाला होता. पावलांचा आवाज ऐकून त्यानं मान वळवली.

"कोण?"

"चारू."

"जमलं का?" तो म्हणाला.

ती समोरच्या बाकावर बसली आणि सगळं सांगितलं. सहवाचक, निसटबिंदू, पूर्वा, आभार, नमस्कार. तिचं सांगून झाल्यावर रंजनावहिनी दारातूनच म्हणाल्या, "आमच्या टॅबवरपण ते असेल. मी यांना वाचून दाखवते तुमचं, ते त्याच्यावरूनच."

"म्हणजे मी शिव्या देत होतो," सुहास सावकाश म्हणाला, "त्यासुद्धा तू न लिहिलेल्या गोष्टीला. आणि तू आभार मानत होतीस मी न केलेल्या कौतुकाचे. वा! आता तुझी कुसुम सांग. तोंडानं सांग."

तिनं सांगितली. तो डोळे मिटून ऐकत होता. मुलगा हुबळीला येतो, ती चहा करते, तो कप खाली ठेवतो, ती दार उघडून उभी राहते.

"बरोबर," तो म्हणाला. "हे तुझं. पण चहा नको. पाणी दे त्याला. चहा करायचा म्हणजे दहा मिनिटं थांब म्हणणं झालं. ती थांब म्हणणार नाही."

चारुलताच्या डोळ्यांत पाणी आलं. दीड वर्षात तिच्या गोष्टीला आलेली ही पहिली प्रतिक्रिया होती.

जेवणात बांगड्याचं तिखलं होतं. जेवता जेवता तिनं विचारलं, "तुझ्या कादंबरीचं कुठपर्यंत आलं?"

सुहास जेवत राहिला. रंजनावहिनी म्हणाल्या, "झाली ती. आली पण 'उंबरा'वर. दिवाळीत."

"झाली? कशी?"

"मी करून घेतली." त्यांनी ताटातच बघत सांगितलं. "तुमचं ते उत्तर आल्यापासून यांनी सांगणंच बंद केलं, ताई. दोन महिने तोंड उघडलं नाही. मग तापानं पडले. मला वाटलं, हे अर्धवट टाकून जाणार. 'उंबरा'वाल्यांकडे सोय आहे. आधीची पुस्तकं द्यायची, झालेली प्रकरणं द्यायची, पुढे काय होणार ते यांच्याकडून तोंडी जेवढं मिळेल तेवढं द्यायचं. राहिलेलं ते लिहून देतात."

"आणि तू हो म्हणालास?" चारुलतानं सुहासला विचारलं.

"ताप होता," तो म्हणाला. "नंतर उतरला, पण तोवर लोकांना आवडायला लागली होती."

हात धुऊन ते पडवीत आले, तेव्हा त्यानं तिला जवळ बसायला सांगितलं. "एक काम कर. ते बटण बंद करून मला शेवटची सहा प्रकरणं वाचून दाखव. रंजना वाचते तेव्हा तिचा सहवाचक मधे येतो, त्यामुळे मुळात काय लिहिलं गेलं ते मी ऐकलेलंच नाही. आणि मला सांग, मी कुठे संपलो आणि यंत्र कुठे सुरू झालं. मला आठवतंय ते. पण तुला कळतं का, ते मला बघायचंय."

रंजनावहिनी वाल सोलायला घेऊन उंबऱ्यापाशी बसल्या. चारुलतानं टॅबवरचं बटण बंद केलं आणि वाचायला सुरुवात केली.

काजूचा कारखाना वाटून घेणाऱ्या दोन भावांची ती गोष्ट होती. त्या सहांतल्या पहिल्या प्रकरणातच तिला सुहासचा हात ओळखू आला आणि बरं वाटलं. ती एकेक वाक्य दाबून बघत पुढे चालली. चौथ्या प्रकरणात धाकटा भाऊ वसंता बंद पडलेल्या कारखान्याच्या दारात येतो, तिथे ती मनाशी म्हणाली, यंत्र इथे. पण ती थांबली नाही. पाचव्यात वाटणीच्या दिवशी दोघं भाऊ झाडाखाली पडलेली काजूची बोंडं न बोलता गोळा करत राहतात, दोघंही एकाच टोपलीत टाकतात आणि मग टोपली कुणी उचलायची ते दोघांनाही कळत नाही. तिथे मात्र तिला राहवलं नाही. "वा, सुहास!" ती म्हणाली. त्यानं पुढे वाचायची खूण केली. पुढचं वाचून होईपर्यंत ऊन पडवीतून अंगणात गेलं होतं.

"सांग," तो म्हणाला.

तिला खरं सांगायचं होतंच, पण त्याला बरं वाटावं असंही सांगायचं होतं आणि सुदैवानं दोन्ही एकच आहे असं तिला वाटलं. "सोपं आहे," ती म्हणाली. "यंत्र चौथ्या प्रकरणात शिरतं. कारखान्याच्या दारात. 'वसंताला वाटलं, आपण इथे कधी नव्हतोच.' हे वाक्य मेलेलं आहे. तू माणसाला काय वाटलं ते सांगत नाहीस, तू त्याला काहीतरी करायला लावतोस. ती बोंडं मात्र तुझी. ती तू आधी कधीतरी सांगून ठेवली असशील, ती त्यांनी मधे घातली. बाकी भरताड आहे. कोण म्हणेल ते तुझं आहे?"

रंजनावहिनींचे हात थांबले होते. त्यांनी चारुलताकडे बघून मान हलवली, नको, नको अशी. पण बोलून झालं होतं.

"दाराचं वाक्य माझं आहे," सुहास म्हणाला. "तेच शेवटचं. त्यानंतर मी सांगितलं नाही. बोंडं त्यांची."

चारुलता टॅबकडे बघत राहिली. आपण परत वाचलं तर वेगळं दिसेल, असं तिला वाटलं. तिनं परत वाचलं. दारातलं वाक्य तसंच मेलेलं होतं आणि बोंडं तशीच जिवंत.

"वाईटच आहे ना ते वाक्य?" त्यानं विचारलं.

तिला 'नाही' म्हणता आलं असतं. दोन शब्द फिरवून काहीतरी मऊ बोलता आलं असतं. गेलं दीड वर्ष तिच्याशी सगळे तसंच बोलत होते.

"हो," ती म्हणाली.

"मला सांगतानाच कळलं होतं," तो म्हणाला. "अडवायला कुणी नव्हतं."

ती चार दिवस राहिली. नवं काही सांगतोस का, मी लिहून घेते, असं तिनं रोज विचारलं. त्यानं नको म्हटलं. तो तिच्याशी रेडिओवरच्या बातम्यांबद्दल बोलला, माशांच्या भावाबद्दल बोलला, लिहिण्याबद्दल पुन्हा बोलला नाही. निघताना ती रंजनावहिनींच्या पाया पडायला वाकली, पण त्यांनी तोंड फिरवलं.

सुहास फाल्गुनात गेला. रंजनावहिनींनी फोनवर एका वाक्यात सांगितलं आणि ठेवून दिला.

चारुलतानं ब्लॉग उघडला. बंद करायचं तिच्या मनात होतं, पण हे एक तिथेच लिहायला हवं होतं, कारण ते दोघं तिथेच भेटले होते. तिनं थोडकंच लिहिलं. सुहास तेंडोलकर गेला. तो माझा पहिला वाचक होता. त्याला माझी गरज होती तेव्हा मी गेले नाही, आणि गेले तेव्हा त्याला नको होतं ते त्याच्या तोंडावर बोलून आले. त्याची शेवटची कादंबरी त्याची नाही. विशेषणं तिनं एकूण एक काढून टाकली.

मग ती फोन हातात धरून बसून राहिली. तिचं बटण आता कायमचं बंद होतं, त्यामुळे जे येईल ते खरं येणार होतं.

पहिली प्रतिक्रिया अलका पिंगळ्यांची आली.

"सुहासदादा कुठे गेले आहेत, ताई? परत आले की आमचा नमस्कार सांगा. तुमची मैत्री वाचून मन भरून आलं. त्यांच्या पुढच्या कादंबरीची आम्ही वाट पाहतोय."